गोरखचिंच : दख्खनमधील एका आफ्रिकी वृक्षाच्या आगमनाचा प्रश्न

वेरूळच्या लेण्यांपासून काही किलोमीटर अंतरावर खुलताबाद येथे मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला व गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. वेरूळच्या मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. या परिसराचे आफ्रिकेशी असलेले नाते असे ठसठशीत असल्याने, दख्खनमध्ये आढळणाऱ्या गोरखचिंचेचे आगमनही हबशी सरदारांच्या नावे जमा करण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात या मताचा विचार केला आहे.

गोरखचिंच, अर्थात बाओबाब, हा आफ्रिकेच्या कोरड्या व कमी उंचीच्या प्रदेशातील रानवृक्ष होय. त्याच्या फळाचे कवच टणक असते. आतील आंबट गर झाडावरच वाळतो, पुष्कळ दिवस टिकतो व पाण्यात कालवून पिता येतो. बिया या गरातच असतात. अशा फळाला समुद्रप्रवास करण्यासाठी राजाश्रयाची गरज नव्हती. खलाशाची शिदोरी पुरेशी होती, असे अनुमान करता येते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या अनुमानास बळ मिळते. त्यानुसार पश्चिम व मध्य भारतातील गोरखचिंचांचा गट आफ्रिकेतील गटांहून वेगळा पडतो. तथापि भारतीय वृक्षांचे सर्वांत जवळचे नाते मोंबासा ते दार-एस-सलाम या किनाऱ्यावरील वृक्षांशी आहे. दक्षिणपूर्व भारतातील वृक्षांचा गट मात्र पश्चिम आफ्रिकेतील वृक्षांचाच आहे. म्हणजेच हा वृक्ष एकदाच आला नाही. पूर्वी मानले जाई त्याहून दीर्घ काळात तो अनेकदा आला. मलिक अंबरच्या इथिओपियापेक्षा स्वाहिली किनाऱ्याकडे बोट दाखविणारा हा पुरावा आहे. त्या किनाऱ्यावरून आलेले व्यापारी, खलाशी आणि गुलाम यांची नावे दप्तरात क्वचितच सापडतात. सर्व श्रेय एका सरदारास देणे म्हणजे या माणसांना इतिहासातून दुसऱ्यांदा वगळणे होय.

वृक्षाच्या नावातही आफ्रिकेची खूण उरलेली नाही. नाथपंथीय गोरक्षनाथांचे नाव आणि ओळखीची चिंच यांच्या जोडीने तो पूर्णतः मराठी झाला. गमतीचा भाग असा की, ती चिंचही मूळची आफ्रिकेचीच.