चित्त्याचे पिल्लू : पाळणूक आणि ऱ्हास

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर 'वाघ' म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा बिबट्याच उभा राहतो. 'चित्ता' हा शब्दही असाच कधी बिबट्याला, कधी खऱ्या चित्त्याला लावला जातो. मूळ 'चित्र' ह्या शब्दावरून 'ठिपकेदार' एवढाच त्याचा अर्थ निघत असल्याने त्यात नवल नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा घोळ परवडणारा नाही. दरबारांनी शतकानुशतके बाळगला आणि शिकारीस नेला तो चित्ता, बिबट्या नव्हे.

मुरुडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबांचे राखीव शिकाररान होते. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. अशा दाट झाडीत चित्ता कुचकामी. त्याला मोकळा माळ आणि काळवीट हवा. म्हणून मराठी मुलखातील ह्या शिकारीचा माग किनारा सोडून घाटापलीकडे, कोल्हापुरास घ्यावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) काळी तेथे चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे.

ह्या शिकारीचा एक दंडक विचार करण्याजोगा आहे. पिल्लू धरावयाचे नाही; धरावयाचा तो आईपाशी शिकार शिकून वाढलेला चित्ता. आईने न शिकविलेले जनावर माणसाच्या हातून तयार होत नाही, अशी पारध्यांची समजूत होती. फासात सापडलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवीत, त्याला खाटेशी जखडून ठेवीत आणि ठरलेल्या माणसाच्या हातूनच खाऊ घालीत. मनुष्यवाणीची भीती मोडावी म्हणून बायकामुलांना त्याच्याजवळ बसवून दिवसभर बोलत ठेवीत. काही महिन्यांत तो बैलगाडीवरून माळावर नेण्याजोगा होई. वस्तुतः हे शिक्षण नव्हेच. शिकार त्याला आधीच येत होती, माणूस तेवढा सवयीचा करावयाचा होता.

पिल्लू पाळणे मुळातच अशक्य होते, असे मात्र नाही. 'भारतातील सस्तन प्राणी' ह्या विषयावर १८६७ साली ग्रंथ लिहिणाऱ्या टी. सी. जर्डनने सागर येथे चित्त्याचे एक पिल्लू ग्रेहाउंड कुत्र्याच्या पिलांबरोबर वाढविले होते. ते आपले नाव ओळखी, घोड्यामागून कुत्र्यासारखे येई आणि मांजराप्रमाणे घुरघुरे.

दंडकाचा खरा परिणाम निराळाच झाला. कोंडलेले चित्ते वीत नसत. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात १६१३ च्या सुमारास पाळीव मादीस तीन पिल्ले झाल्याची नोंद केली आहे. त्यानंतर बंदिवासातील जन्माची नोंद मिळते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील. तेव्हा दरबारी राहणारा प्रत्येक चित्ता रानातूनच येणार आणि तोही विण्याच्या वयाचा, हे ओघानेच आले. माळराने नांगराखाली गेली, बंदुका वाढल्या, ही कारणे आहेतच. परंतु पिल्लू सोडून कर्ते जनावर उचलण्याची ही रीतही त्यांच्या पंक्तीस बसविली पाहिजे. पुढे कोल्हापूर आणि भावनगर ह्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागविण्याची पाळी आली. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात शेवटचे तीन मारले गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

पिल्लू आईपासून तोडू नये, हा विचार आज निराळ्या हेतूने टिकून आहे. जुन्नरकडे ऊसतोडणीत बिबट्याची पिल्ले सापडली, तर वनखाते ती शक्यतो त्याच जागी ठेवते आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. पारध्याला शिकार हवी होती. वनखात्याला बिबट्या रानात राहावयास हवा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून मध्य प्रदेशातील कुनो येथे आठ चित्ते आणले गेले. त्यांतील एका मादीस मार्च २०२३ मध्ये चार पिल्ले झाली आणि मे महिन्याच्या कडक उन्हात त्यांतील तीन दगावली. उरलेले चौथे पिल्लू, एक मादी, माणसांनी हाताने वाढविले. तिचे नाव मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने पाच पिल्लांना जन्म दिला.