गुलाबी ठिपके

शौचाचं कल्चर वाचायला मला शिकवलं ते असं : मॅकॉन्की प्लेटवर जंतूंचा जो ठिपका गुलाबी दिसेल तो सोडायचा, बिनरंगी दिसेल तो उचलायचा. गुलाबी म्हणजे ई. कोलाय, आतड्यातला नेहमीचा भाडेकरू. लॅक्टोज खाऊन आम्ल करतो, म्हणून रंगतो. बिनरंगी ठिपक्यात रक्ती आवेचा जंतू, शिगेला, सापडायची शक्यता. 30 वर्षं मी गुलाबी ठिपके निमूटपणे बादलीत टाकले.

जपानी मंडळींनी ते टाकले नाहीत.

महायुद्धानंतर जपानात आवेवर सल्फाच्या गोळ्या सर्रास दिल्या गेल्या, आणि शिगेला लवकरच त्यांना पुरून उरला. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आली. 1955मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाचा शिगेला मात्र चारही औषधांना दाद देईना. पुढे असे रुग्ण वाढतच गेले. गंमत म्हणजे एकाच साथीत, कधी तर एकाच रुग्णात, त्याच जातीचा एक जंतू चारही औषधांनी मरे आणि दुसरा चारही पचवी. औषध एकच दिलेलं असलं, तरी! एका औषधाविरुद्धचा बदलसुद्धा कोट्यवधी पेशींत एखादीत घडतो. चार एकदम? हिशेब बसत नव्हता.

तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचिआई यांच्या गटांनी त्याच रुग्णांचे ई. कोलाय तपासले. तेही चारही औषधं पचवणारे निघाले. मग असा ई. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला एकाच ब्रॉथमध्ये वाढवून औषध घातलेल्या प्लेटवर पसरला, तर बिनरंगी ठिपके उगवले. नुसत्या गाळलेल्या ब्रॉथने हे होत नसे. पेशीला पेशी भिडावी लागे. म्हणजे रुग्णाच्या पोटातच भाडेकरूने पाहुण्याला चारही किल्ल्यांचा जुडगा दिला होता. हे 1959 सालचं. त्या जुडग्याला आर फॅक्टर म्हणू लागले. आज आपण प्लास्मिड म्हणतो, मूळ डीएनएपासून वेगळं असलेलं डीएनएचं कडं. सुरुवातीचे निबंध जपानीत होते. 1963मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा कुठे बाहेरच्यांचे डोळे उघडले.

हे वाचल्यावर एकदा मी एक गुलाबी ठिपका उचलून त्यावर औषधांच्या डिस्क लावल्या. सकाळी बघते तर चार डिस्कच्या पार कडेपर्यंत वाढ. रजिस्टर उघडलं. 'शिगेला आढळला नाही' एवढंच लिहून मिटलं; गुलाबीसाठी त्यात रकानाच नव्हता.