फॉरेस्टलवरचे दीड मिनिट

२९ जुलै १९६७च्या सकाळी टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या 'फॉरेस्टल' या विमानवाहू नौकेवर व्हिएतनामवरील हल्ल्यासाठी विमाने सज्ज होती. टाक्या इंधनाने भरलेल्या, पंखांखाली बॉम्ब. विजेच्या बिघाडाने एका फँटम विमानाचे झुनी रॉकेट सुटले आणि डेकच्या दुसऱ्या बाजूच्या स्कायहॉकच्या इंधनटाकीवर आदळले. पेटते इंधन पसरले, बॉम्ब त्यात पडले. अग्निशमन पथकाचे प्रमुख, चीफ जेराल्ड फॅरियर, संरक्षक पोशाखासाठी न थांबता अग्निरोधक भुकटीचा एक सिलिंडर घेऊन थेट बॉम्बपाशी धावले. आग लागल्यापासून जेमतेम दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला. फॅरियर आणि त्यांच्या पथकातले बहुतेक जण जागीच ठार झाले.

या धावण्याला कोणी उतावळेपणा म्हणेल. मला ते मान्य नाही. आगीत सापडलेला बॉम्ब फुटायला सुमारे १० मिनिटे लागतात, असे या पथकाला सांगितलेले होते. १० मिनिटे हाताशी असतील, तर पाण्याचे आणि फेसाचे पाइप येईपर्यंत एका माणसाने बॉम्ब थंड ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पोशाख चढवण्यात गेलेला वेळ उलट वाया जातो. शिवाय बॉम्बचे कवच चिरलेले दिसताच फॅरियर यांनी सहकाऱ्यांना मागे हटायला सांगितले. बेभान माणसाला इतरांचे जीव आठवत नाहीत. त्यांची चाल चुकली नव्हती, त्यांच्या हाती दिलेला आकडा चुकीचा होता.

कारण ते बॉम्ब जुने होते. आदल्याच दिवशी दुसऱ्या जहाजावरून आलेले, गंजलेले, उष्णतेला लवकर दाद देणाऱ्या स्फोटकाचे. दारूगोळा सांभाळणाऱ्यांनी ते पाहून धोका ओळखला होता, तक्रारही केली होती. युद्धात तुटवडा होता, दुसरे बॉम्ब मिळण्यासारखे नव्हते, असा बचाव केला जातो आणि तो खोटा नाही. पण बॉम्ब बदलले, तेव्हा आग विझवणाऱ्यांचा हिशेबही बदलायला हवा होता. तुटवडा बॉम्बचा होता. धोक्याची माहिती पथकापर्यंत पोहोचवायला कसलाही तुटवडा आड येत नव्हता.

पुढे जे घडले त्यातून योग्य माहितीशिवाय धैर्य अपुरे पडते, ही गोष्ट अधिक क्रूरपणे सिद्ध झाली. प्रशिक्षित माणसे गेल्यावर मिळेल त्या खलाशाने पाइप उचलला. धैर्यात ते कुठेच कमी नव्हते, आणि जहाज अखेर वाचवले ते त्यांनीच. पण काहींनी मारलेल्या समुद्राच्या पाण्याने आधी पसरलेला फेसच धुऊन नेला आणि जळते इंधन स्फोटांनी पाडलेल्या भोकांतून खालच्या मजल्यांवर उतरले. एकूण १३४ जण मरण पावले. नुसत्या शौर्याने काम भागते असे मानणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. अमेरिकी नौदल तो विसरले नाही: डेकवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली ही आग प्रशिक्षणपटात दाखवून प्रत्येक खलाशाला आग विझवायला शिकवणे सुरू झाले, आणि नॉरफोकमधील अग्निशमन शाळेला फॅरियर यांचे नाव देण्यात आले.