नाच दिसतो, दार दिसत नाही

आज एक चित्र डोळ्यांसमोर आणूया. १९२० च्या दशकातला अमेरिकेतला डान्स हॉल. मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन; पुढे जोड्या नाचतायत. आणि हे सगळं छापलंय एका लाकडी ठोकळ्यावरून. याला म्हणतात वुड एनग्रेव्हिंग.

यात काळं काढत नाहीत, पांढरं कोरतात. कठीण लाकडाचं खोड आडवं कापून, त्याचा गुळगुळीत ठोकळा करून त्यावर कोरणीने बारीक रेषा काढायच्या. शाई लागते न कोरलेल्या भागाला. रेषा चुकली की चुकली! आम्हा कोडिंगवाल्यांचं तर 'अनडू'शिवाय पान हलत नाही. लिंड वॉर्ड या चित्रकाराने १९२९ मध्ये अशा १३९ चित्रांतून 'गॉड्स मॅन' ही अख्खी कादंबरी सांगितली.

अशा चित्रात दिव्याखालचे चेहरे पांढरे, सावलीतले काळे. कोण गोरं, कोण कृष्णवर्णीय, बऱ्याचदा कळतच नाही. पण खऱ्या हॉलच्या दारावर आधी तेच बघायचे.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कॉटन क्लब घ्या. १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे वाजायचा. स्टेजवर कृष्णवर्णीय कलाकार, टेबलांवर गोरी गिऱ्हाइकं. वस्ती कृष्णवर्णीयांची, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांनाच दार बंद.

त्याच लेनॉक्स अव्हेन्यूवर १२ मार्च १९२६ ला सॅव्हॉय बॉलरूम उघडली. इथे दोन स्टेज होती, एक बँड थांबला की दुसरा सुरू. लिंडी हॉप हा नाच इथेच गाजला. मुख्य म्हणजे, काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे. तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्हाला नाचता येतं का, हे महत्त्वाचं.

हे सगळ्यांना रुचलं नाही. १९४३ मध्ये अनैतिक धंद्यांचा आरोप ठेवून सॅव्हॉय काही महिने बंद केली गेली. हार्लेममधल्या अनेकांचं म्हणणं होतं, खरं कारण एकच: काळे-गोरे एकत्र नाचतात.

म्हणून मंडळी, जुन्या पार्टीचं चित्र दिसलं की कपडे, स्टेप्स जरूर बघा. पण एक प्रश्नही विचारा: दाराबाहेर कोणाला थांबवलं होतं? ते चित्रात सापडत नाही, त्यासाठी इतिहास वाचावा लागतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!