गौलीगुड्याचा बसअड्डा

हैदराबादेतील मराठी कुटुंबांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास शाळा, ग्रंथालये आणि देवळे यांच्याबरोबर एका पत्र्याच्या इमारतीलाही त्यात स्थान द्यावे लागेल. ती इमारत म्हणजे मुसी नदीच्या उत्तर तीरावरील गौलीगुड्याचा बसअड्डा. शाळेत शिकून गेलेल्या कितीतरी पिढ्यांची सुट्टी तेथूनच सुरू होत असे.

ही वास्तू मुळात बससाठी घडविलेली नव्हती. कमानदार छताचा तो पोलादी सांगाडा म्हणजे १९३० च्या सुमारास अमेरिकेहून आणलेले विमानघर. त्याच्या आश्रयाला विमानांऐवजी बसगाड्या आल्या. जून १९३२ मध्ये निजाम संस्थानाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्यापाशी २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे १६ वर्षांनंतर. यावरून या उपक्रमाचे वेगळेपण ध्यानात यावे.

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते. न्यायालय, कचेरी आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ यांच्या ओढीने तिकडची माणसे राजधानीत येत व येथेच स्थिरावत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी विवेक वर्धिनीच्या रूपाने मराठी शिक्षणाचा पाया घातला, तो जांबागही या अड्ड्यापासून दूर नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा नकाशा पालटला. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. एका रात्रीत मामाचे गाव परराज्यात गेले. बससेवेचीही वाटणी झाली. १९५८ साली आंध्र प्रदेशाचे परिवहन महामंडळ स्थापन झाले, तर मराठवाड्यातील सेवा १९६१ साली महाराष्ट्राच्या एस.टी.त विलीन झाली. नोकरी, घर आणि मुलांचे शिक्षण येथे. शेत, कुलदैवत आणि आजी-आजोबा तिकडे, अशी अनेक घरांची स्थिती झाली. या दोहोंना जोडणारा जो धागा उरला, त्याचे एक टोक गौलीगुड्याला होते.

त्या काळातील मुलांच्या मनावर प्रथम ठसला तो अड्ड्यातला आवाज. उंच छताखाली इंजिनांची घरघर, कंडक्टरांच्या हाका आणि हमालांची लगबग यांचा एकच घुमारा होई. पावसाची सर आली की पत्र्यावरील माऱ्यात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. वडील तिकिटाच्या रांगेत उभे असत, आई ट्रंकेवर बसून दशम्यांचा डबा सांभाळी, आणि लहानग्यांकडे पाण्याचा फिरकीचा तांब्या धरण्याचे काम येई. चौकशी उर्दूत व्हावी, फळवाल्याशी घासाघीस तेलुगूत व्हावी आणि भावंडांचे भांडण मराठीत व्हावे, यात कोणालाच नवल वाटत नसे.

या गर्दीत एखादी एस.टी.ची गाडी शिरली, की मुलांचे डोळे तिच्या पाटीकडे लागत. शहरातील दुकानांवर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अक्षरे. पण या पाटीवर मात्र शाळेच्या पुस्तकातली अक्षरे असत. ‘नांदेड’ हा शब्द अड्ड्यावर स्वतः वाचता येणे, ही पहिली-दुसरीतल्या मुलाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. वर्गात शिकलेली लिपी आजीच्या गावापर्यंत पोहोचविते, हे कोणी न सांगता त्याला उमगत असे. परराज्यात मराठी शाळा कशासाठी चालवावयाची, या प्रश्नाचे एक उत्तर त्या पाटीवर होते.

पुढे शहर वाढले, अड्डा अपुरा पडू लागला. १९९४ साली मुसीच्या पात्रालगत इमलीबन येथे महात्मा गांधी बसस्थानक उभे राहिले आणि दूरच्या गाड्या तिकडे गेल्या. जुन्या छताखाली शहर बससेवेच्या गाड्या उरल्या. ५ जुलै २०१८ रोजी सकाळी तो सांगाडा कोसळला. इमारत धोक्याची झाल्याचे ओळखून काही दिवस आधीच तेथील वाहतूक थांबविण्यात आली होती. त्यामुळे प्राणहानी टळली. सुमारे ८६ वर्षे प्रवाशांवर छत्र धरणारी ती वास्तू कोणालाही इजा न करता गेली.

आज नांदेडला जाणारी मुले इमलीबनहून, रेल्वेने अथवा घरच्या मोटारीने जातात. कित्येक घरांत तर गावाकडे जाण्याचे निमित्तच उरलेले नाही. आजी-आजोबा गेले, वाटण्या झाल्या, वाडे विकले गेले. अशा वेळी गौलीगुड्याच्या आठवणी केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात राहिल्या, तर त्याही फार काळ टिकणार नाहीत. जुने तिकीट, अड्ड्यावर काढलेले छायाचित्र, गावाहून आलेले ‘सुखरूप पोहोचलो’ एवढ्याच मजकुराचे पोस्टकार्ड, असे जे काही ट्रंकांच्या तळाशी पडून असेल, ते माजी विद्यार्थ्यांनी बाहेर काढावे, त्यामागील हकीकत मराठीत लिहावी आणि शाळेच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करावी. हीरक महोत्सवी वर्षात शाळेला याहून उचित भेट क्वचितच मिळेल.