चिलटाच्या देहाची आखणी

पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे आपण हाताने हुसकून लावतो. घर भिलईच्या नेहरू नगरातील असो वा गिरगावातील, या फळमाशीचे स्वागत कोठेच होत नाही. तथापि एका पेशीपासून वाढणाऱ्या गर्भात डोके कोठे व पोट कोठे हे ठरते कसे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना तिच्याच अंड्यात गवसले.

१९१० साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला, आणि ही माशी आनुवंशशास्त्राची सहचरी झाली. त्यांचे शिष्य कॅल्व्हिन ब्रिजेस यांना १९१५ साली छातीचा तिसरा खंड दुसऱ्याचे रूप घेऊ पाहणारी माशी आढळली. हाच धागा धरून एडवर्ड लुईस यांनी पुढे चार पंखांची माशी घडवून दाखविली.

परंतु मुळात हे खंड पडतात कसे? १९७८ साली हायडेलबर्ग येथे ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ट व एरिक वीशाउस यांनी हा प्रश्न हाती घेतला. रसायनाने माश्यांच्या जनुकांत बिघाड घडवावा, त्यांची कुळे वाढवावी आणि अंड्यातच मेलेले गर्भ दोघांनी एकाच सूक्ष्मदर्शकातून न्याहाळावे, असा हा क्रम होता. निरोगी अळीच्या अंगावर बारीक दातेरी पट्टे ओळीने असतात. येथे कोणाचे सलग अनेक पट्टे नाहीसे झालेले, कोणाचा एकाआड एक गळालेला, तर कोणाच्या प्रत्येक खंडाचाच काही भाग बिघडलेला! १९८० साली त्यांनी अशी पंधरा जनुके तीन गटांत मांडली.

श्रोतेहो, हा कारभार प्रांत, जिल्हा, तालुका अशा उतरंडीचा आहे. आईने अंड्याच्या एका टोकाशी ठेवलेल्या शिदोरीतून एक प्रथिन तयार होते. ते डोक्याकडे दाट व मागे विरळ असते, हे १९८८ साली दिसून आले. त्या दाटपणावरून पहिला गट मोठे विभाग पाडतो, दुसरा त्यांत पट्टे आखतो, तिसरा प्रत्येक खंडाची पुढची-मागची बाजू ठरवितो. कोणत्या खंडाला पंख व कोणाला पाय, हे लुईस यांनी अभ्यासिलेली जनुके सांगतात. पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर यांच्या प्रयोगशाळेने यांतील एका जनुकाचा अभ्यास केला. तिसऱ्या खंडावर पंखाऐवजी तोल सांभाळणारे गदेसारखे इवले इंद्रिय घडते, ते याच जनुकामुळे.

१९९५ साली लुईस, न्युसलाइन-फोलहार्ट व वीशाउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर याच जनुकांचे भाऊबंद पृष्ठवंशी प्राण्यांतही सापडले होते. १९९६ साली तर माणसाच्या त्वचेच्या एका कर्करोगाचे मूळ अशाच एका जनुकाच्या बिघाडात आढळले. जे गर्भ अंड्याबाहेर कधी आलेच नाहीत, त्यांनी आपल्या देहाची घडण आपल्याला वाचून दाखविली. सुरळीत चाललेल्या कारभारात नियम दिसत नाही. तो मोडतो तेव्हाच त्याचे काम कळते.