नदीला माई, लेकीला नकुशी

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखाखाली ओंजळ धरताना आपण नावं घेतो: कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. सावित्रीच्या शापानं विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना, असं सांगतात. म्हणजे देवसुद्धा बाईच्या नावानं वाहायला लागले! पुढं वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला, आणि पार सांगलीपर्यंत माणसं कृष्णेला माईच म्हणतात.

याच नद्यांच्या काठी, आपल्या सातारा जिल्ह्यात, मुलीवर मुली झाल्या की धाकटीचं नाव नकुशी ठेवायचे. नकोशी, म्हणून नकुशी. कुठं नकुसा. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, हा समज.

वाईट नावं मुलांनाही ठेवत. आधीची पोरं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू म्हणायचं. नाव हलकं असलं की दृष्ट लागत नाही, पोर टिकतं. मुलाचं हलकं नाव त्याला राखायला. मुलीचं मात्र तिच्या पाठीवर मुलगी येऊ नये म्हणून. आणि बारशाला ते कानात सांगणारी आत्या, म्हणजे बाईच.

ही हाक दिवसभर पडते. घरात, पाण्यावर, शाळेच्या हजेरीला. हाक मारणाऱ्याला त्यात काही वाटेनासं होतं. पोर मात्र धरून बसते, आपण नकोच होतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८७८ मुली होत्या. हे काही नावामुळं झालं नाही. पण ‘नको’ हा शब्द दोन्हीकडं तोच.

२२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात मोठं बारसं झालं. २८५ नकुशींना नव्या नावाचे दाखले मिळाले. इथं कानात कोणी सांगितलं नाही, पोरींनीच नावं निवडली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. कुणी सावित्री नाव घेतलं, आपल्या नदीचं.

मोठ्या वयाच्या नकुसाबाई राहिल्याच. रेशनकार्डावर, पासबुकावर तेच नाव, आणि कागदोपत्री बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं. हाक बदलायला मात्र कागद लागत नाही. तुमच्या गटात अशी कोणी असेल तर पुढच्या बैठकीत हजेरी घेण्याआधी तिला विचारा, काय म्हणून हाक मारू?